खालचा दात

रानातलं गवत संपलं होतं. उरलं होतं ते इतकं आखूड, की मेंढ्यांना त्यासाठी तोंड मातीला घासावं लागे आणि संध्याकाळी त्यांची नाकं सोललेली दिसत. तळ्याच्या काठाला चिखलाच्या खपल्या उभ्या राहिल्या होत्या. दहा दिवसांत कळप घेऊन लांबच्या कुरणांकडे निघायचं आणि सात महिने परतायचं नाही, हे ठरलेलं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेची परीक्षा होती. त्याआधी सगळ्या कळपाची लोकर उतरवायची होती. म्हणून अभ्यास आणि कातरणी एकाच जागी चालली होती.

भिंगरी लोकरीच्या पोत्यावर पाय जुळवून बसली होती. हे नाव तिला पडलं ते ती क्षणभर एका जागी ठरत नाही म्हणून. गेला महिनाभर ती सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत त्या पोत्यावर बसत होती आणि नाव तेवढं मागे राहिलं होतं.

"पुढं?" आई म्हणाली. तिनं मेंढीचे पाय दाबून धरले होते आणि बाप कातर चालवत होता.

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस..." भिंगरी थांबली.

"एकतीस. रोज इथंच गाडी अडते तुझी. पुन्हा म्हण पहिल्यापासून."

"आई, दात हलतोय."

आईचे हात सुटले. अर्धी कातरलेली मेंढी ताडकन उठली आणि एका बाजूनं लोकर लोंबवत कळपात शिरली. एरवी बापानं चार शब्द सुनावले असते, पण तोही कातर हातात धरून तसाच बसून राहिला.

"कुठला?" आईनं विचारलं.

भिंगरीनं खालच्या ओळीतल्या मधल्या दाताला जीभ लावली. दात पुढे झुकला आणि परत आला. तिला मोठी मजा वाटत होती. आईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

त्याचं कारण असं, की भिंगरी कागदावर पाच वर्षांची होती आणि खरी साडेसहाची. तिचा जन्म वाटेतला, कुठल्याशा बांधाच्या आडोशाला झालेला. त्याची नोंद करायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. गेल्या वर्षी शाळेच्या अर्जांची वेळ आली तेव्हा हे लोक कळपामागं लांब होते. या वर्षी अर्ज हातात आला तर त्यावर छापलेलं होतं, मूल सहा वर्षांच्या आतलं हवं. जागा तीस होत्या आणि अर्ज तीनशेच्या वर. बाप नोंदणीच्या कचेरीत गेला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पोरगी केवढी?" बाप म्हणाला, "पाच." कारकुनानं लिहिलं. लिहिता लिहिता हसून म्हणाला, "तुमच्या शब्दावर काय शंका घ्यायची!"

ते खरंच होतं. बाजारात या माणसाला सगळे पारखी म्हणत. जनावराचं तोंड उघडून तो वय सांगे. दुधाचे दात असलेली आदत, पुढचे दोन पालटले की दोनदाती, मग चारदाती, आणि शेवटी झिजून, तुटून बोखी झालेली म्हातारी. विकणारा नातेवाईक असो की घेणारा परका, पारखीनं सांगितलेलं वय आजवर खोटं ठरलं नव्हतं. कचेरीतून त्या दिवशी तो घरी आला आणि जेवला नाही. बायकोनंही विचारलं नाही.

शाळेचा ध्यास तिचा होता. ती लहान असताना तिच्या बापाचा कळपही असाच फिरायचा. वर्षातले चार महिने ती पहिलीत बसायची, मग नाव कापलं जायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीत. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तिचे गुडघे बाकाखाली मावेनात आणि वर्गातली बारकी पोरं तिला आजी म्हणायला लागली. अक्षरं तिला सगळी आली, पण शब्द वाचायची पाळी काही आली नाही. पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. शाळेच्या गावात तिची बहीण राहायची. भिंगरीनं मावशीकडे राहून शिकायचं, कळप फिरेल तिकडे फिरू दे, असं आईनं ठरवलं होतं. हे भिंगरीला अजून सांगितलेलं नव्हतं. आधी जागा तर मिळू दे, मग सांगू, असं आई म्हणायची.

मावशी त्याच शाळेत झाडलोट करायची. तिनंच बजावून ठेवलं होतं, "मोठ्या बाईंची नजर फार बारीक आहे. मागच्या साली एका पोराचे पुढचे दात पडलेले बघितले आणि कागद परत तपासायला लावले. गेली त्याची जागा!" मावशी परीक्षेच्या वेळी झाडू घेऊन दाराबाहेर असते, आत काय झालं ते तिला कितपत ठाऊक, असा प्रश्न दुसऱ्या कुठल्या घरात कुणी विचारला असता. या घरात विचारला नाही. दात बघून वय कळतं, हे इथं कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं.

"बघा तरी," आई नवऱ्याला म्हणाली. "किती दिवस टिकेल?"

बापानं भिंगरीला जवळ ओढलं. सवयीनं त्याचा अंगठा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात गेला, ओठ खाली ओढला गेला, मान उजेडाकडे वळली. मग आपण काय करतोय ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हात काढून घेतला.

"आठ दिवस," तो म्हणाला. "फार तर नऊ."

"परीक्षा नवव्या दिवशी आहे."

"मग मी काय करू? दाताला खुंटी ठोकू?"

त्या दिवसापासून भिंगरीचं खाणं बदललं. जे काही असेल ते दुधात भिजवून, बोटांनी कुस्करून आई तिच्या तोंडात मागच्या बाजूला सारायची. गाजर बंद, भाजलेलं कणीस बंद. जीभ दाताकडे गेली की आई ओरडायची, आणि जीभ तर दुसरीकडे कुठं जायला तयार नव्हती.

खरी पंचाईत बोलण्याची होती. मावशीनं सांगितलं होतं, उत्तर खणखणीत द्यायचं. आईनं ठरवलं होतं, दात दिसेल इतका खालचा ओठ उतरू द्यायचा नाही. दोन्ही एकदम कसं करायचं ते कुणालाच येत नव्हतं. आई स्वतः ओठ जवळजवळ मिटून 'एक, दोन, तीन' म्हणून दाखवायची आणि तिचं तिलाच हसू यायचं. पण दुसऱ्याच क्षणी ते हसू जायचं.

"मोठ्यानं म्हण!"

भिंगरी मोठ्यानं म्हणायची.

"तोंड! तोंड मिट!"

भिंगरी तोंड मिटायची.

"आता बोलत का नाहीस? दातखीळ बसली का?"

चौथ्या दिवशी भिंगरी रडली. रडताना तोंड सताड उघडलं, तशी आईनं तिच्या हनुवटीवर हात दाबला आणि ती हुंदका नाकातून सोडेपर्यंत काढला नाही. नंतर आई कळपाभोवतीच्या जाळीच्या मागं जाऊन, लोकरीनं तेलकट झालेले हात कोपरापर्यंत धूत बराच वेळ उभी राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

पाचव्या दिवशी कळप निवडायचा होता. लांबच्या वाटेला निघण्याआधी हे दर वर्षी करावं लागतं. आई जाळीच्या फटीतून एकेक मेंढी पुढे ढकलायची, बाप तिला गुडघ्यांत धरायचा, तोंड बघायचा आणि सोडायचा. चांगली असेल ती डावीकडे, बोखी असेल ती उजवीकडे. उजवीकडच्या छोट्या कुंपणाबाहेर बोख्या मेंढ्या विकत घ्यायला आलेला दलाल टेम्पो लावून मोबाइल बघत बसला होता.

भिंगरी दगडावर बसून पाठ म्हणत होती. बाबा काय करतात? बाबांचा लोकरीचा व्यवसाय आहे. मेंढ्या हा शब्द काढायचा नाही, असं मावशीचं सांगणं होतं.

मग म्हातारी आली. ही मेंढी भिंगरीपेक्षा मोठी. भिंगरी रांगत होती तेव्हा तिची लोकर धरून उभी राहायला शिकली होती. बापानं म्हातारीचं तोंड उघडलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. पुढचे दात गेले होते. एक होता, तो बोट लावलं की हलत होता. त्यानं तिला उजवीकडे वळवलं. ती जाईना, डावीकडेच मान वळवून उभी राहिली. त्यानं मागून गुडघा लावला.

"तिला का काढलं?" भिंगरीनं आईला विचारलं.

"दात गेले तिचे. वाटेत चरता येणार नाही. मागं पडेल."

"मग आता ती आपल्यात नाही?"

"नाही."

पुढची मेंढी फटीत अडकली होती. आईनं तिला शिंगाला धरून ओढलं. हाताला खरचटलं, ऊन डोळ्यांत जात होतं, आणि मागून भिंगरीचा आवाज आला, अगदी बारीक, ओठ मिटून काढलेला.

"माझा दात पडला की मलापण काढणार?"

आईनं मागे वळून बघितलं. पोरीचे दोन्ही हात हनुवटीखाली होते, जणू काही सांडणार होतं.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. बापाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की कोकराचा दुधाचा दात पडतो तेव्हा तिथं मोठा दात येतो आणि ते जनावर कळपाचं होतं. पण बाप दहा हात लांब होता. आणि आईला चार दिवसांत पहिल्यांदाच दिसलं, की पोरीची जीभ दाताकडे जात नाहीये.

"सांभाळ म्हणजे झालं," ती म्हणाली. "दात राहिला तर कोण काढतंय तुला? आपल्यातच राहशील."

म्हणाली आणि लगेच पुढची मेंढी ढकलली.

त्यानंतर भिंगरीला काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बापानं बघितलं, तर तिनं एक चिंधी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली होती.

"हे काय?" त्यानं बायकोला विचारलं.

"तिचं तिनंच बांधलं," आई म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

ती पळायची बंद झाली, कारण पळताना दात आपटतात. कोकरांच्या अंगावर लोळायची बंद झाली. दूध प्यायची ते भांडं तिरकं करून, गालाच्या बाजूनं. एकतीसला अडायची तीही बंद झाली. तासन् तास ती पोत्यावर बसे आणि ओठांच्या फटीतून शंभरपर्यंत म्हणे, रंग म्हणे, आकार म्हणे, सगळं बिनचूक. दिवसातून दोन-तीनदा आईजवळ येऊन ओठ खाली ओढून दाखवे.

"आहे," आई म्हणे.

मग ती परत जाऊन बसे. आईला हायसं वाटायचं. दात पडला तरी तू आपलीच, हे आज सांगू, उद्या सांगू, असं तिनं रोज ठरवलं. पण दात टिकत होता आणि पाठही पक्का होत होता. चाललेलं गाडं आपल्या हातानं थांबवायला तिचा जीव धजेना. एवढी परीक्षा होऊन जाऊ दे, मग पोटाशी धरून सगळं नीट सांगीन, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

परीक्षेच्या दिवशी कळपावर शेजारच्या मेंढपाळाला बसवून तिघं पहाटे निघाली. भिंगरीला तीनदा साबण लावून अंघोळ घातली होती, तरी मावशीनं दारातच तिच्या केसांचा वास घेतला आणि चौथ्यांदा मोरीत नेलं. "वर्गात नाकाला रुमाल लावतील," ती म्हणाली. बाप बाहेरच्या पायरीवर बसला होता. त्यानं आपली बाही हळूच नाकाशी नेऊन बघितली.

शाळेच्या व्हरांड्यात बाकं मांडली होती. एका बाईनं आपल्या मुलाच्या हातात चित्रांचे पत्ते धरले होते आणि ती इतक्या भराभर पालटत होती, की मुलाला उचकी लागली होती. दुसरा एक मुलगा बापाच्या मांडीवर झोपला होता आणि बाप त्याच्या डोळ्यांवर पाणी मारत होता. एका कोपऱ्यात कुणीतरी ओकलं होतं. मावशी बादली घेऊन आली, आणि बहिणीला ओळख न दाखवता पुसून गेली.

भिंगरी दोघांच्या मध्ये बसली होती. ओठ मिटलेले. दात आता एका धाग्यावर असावा तसा होता. बापाला तिच्या गालावरून ते कळत होतं. "पडला तर पडू दे," तो बायकोला हळूच म्हणाला. "मी बोलतो बाईंशी. खरं काय ते सांगतो."

"तुम्ही काही बोलू नका," आई म्हणाली. "तिनं एवढं केलंय."

नंबर पुकारला. आई-बापांना आत जायला मनाई होती, पण खिडकीची एक काच फुटलेली होती आणि आईनं आधीच तिथली जागा धरली होती.

मोठ्या बाई टेबलामागं बसल्या होत्या. समोर कागदांची चळत. त्यांनी एक कागद ओढला आणि त्यावर बघतच विचारलं, "वय किती, बाळा?"

"पाच."

"वीसच्या पुढं म्हण बघू."

भिंगरीनं म्हटलं. एकतीस आलं आणि गेलं. खिडकीशी आईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"बाबा काय करतात?"

"बाबांचा लोकरीचा व्यवसाय आहे."

"आणि तुला काय करायला आवडतं?"

हा प्रश्न पाठात नव्हता. भिंगरीनं खिडकीकडे बघितलं. आईलाही उत्तर माहीत नव्हतं. महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर दहा गोष्टी सांगता आल्या असत्या. बाईंनी थोडं थांबून पाटी पुढे सरकवली. भिंगरीनं अक्षरं काढली, एका रेषेत, न खोडता. बाई कागदावर खुणा करत गेल्या. एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा पाटीकडे. पोरीच्या तोंडाकडे त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं नाही.

"गुणी आहे," त्या दाराशी बसलेल्या बाईंना म्हणाल्या. "जराही चुळबुळ नाही. अशी मुलं हल्ली कुठं मिळतात? घ्या पुढचा."

आईनं ते ऐकलं. खिडकीचा गज तिनं इतका घट्ट धरला होता, की बोटं सोडवताना दुखली.

दुपारी फळ्यावर यादी लागली. तिचा नंबर अठरावा होता. मावशीनं लोकांदेखत बहिणीला मिठी मारली. बाप यादीसमोर उभा राहिला. त्याला आकडे वाचता येत होते, तरी त्यानं दुसऱ्या एकाला विचारून खात्री केली. मग भिंगरीला खांद्यावर घेतलं. तिनं ओठ मिटूनच त्याच्या डोक्यावर गाल टेकला.

मावशीच्या घरात भिंगरीचं गाठोडं आधीच आणून ठेवलं होतं. दोन फ्रॉक, एक पांघरूण, नवी पाटी. पहाटे कळप हलणार होता. परतायची वाट तीन तासांची होती आणि रेंगाळून चालणार नव्हतं.

"आता मावशीकडे राहायचं," आई म्हणाली. पोटाशी धरून सांगायचं ठरवलेलं सगळं या एवढ्यावर आलं. "शाळेत जायचं. आम्ही येऊ."

"कधी?"

"येऊ."

भिंगरीनं गाठोड्याकडे बघितलं, मग दोघांकडे. तिला वाटलं, त्यांची काहीतरी चूक होतेय. तिनं बापाची बाही धरली.

"बाबा, दात आहे."

"बरं," बाप म्हणाला. त्याला वाटलं, पोर आनंदानं सांगतेय. "शाबास."

तो लगेच बाहेर पडला. कोकराला आईपासून तोडायचं असेल तर एकदम वळायचं, चालू लागायचं आणि मागं बघायचं नाही. बघितलं की ते धावत सुटतं. हे त्याला जन्मापासून माहीत होतं. बायकोलाही माहीत होतं.

"मागं बघू नकोस," रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला.

ती वीस पावलं चालली. मागून रडण्याचा आवाज येईल म्हणून तिनं मान ताठ धरली होती. आवाज आला नाही. धावणाऱ्या पायांचाही आला नाही. तेच तिला सहन होईना आणि तिनं बघितलं.

भिंगरी दारात उभी होती. मावशीनं तिचा खांदा धरला होता, पण धरायची काही गरज नव्हती, ती जागची हलत नव्हती. तिनं दोन्ही हातांच्या बोटांनी खालचा ओठ हनुवटीपर्यंत ओढला होता आणि मान उन्हाकडे वर केली होती, लांबून नीट दिसावं म्हणून.

आई थांबली.

"चल," बाप पुढून म्हणाला. "तुला सांगितलं ना, बघू नकोस. काय करतेय ती?"

"दात दाखवतेय."

"कशाला?"

आईला उभं राहवेना. ती रस्त्याच्या कडेला खाली बसली. "मी तिला सांगितलं होतं," ती म्हणाली, "म्हातारीला काढलं त्या दिवशी. दात राहिला तर आपल्यात ठेवू, गेला तर काढू. तिनं विचारलं होतं आणि मी हो म्हटलं. तेव्हापासून तिनं तो त्यासाठी धरून ठेवला. शाळेसाठी नाही."

 बापाचा उजवा अंगठा आपोआप तर्जनीवर घासत होता, तोंड बघून झाल्यावर घासतो तसा. बाजारात लोक समोर जनावर धरून उभे राहायचे आणि तो काय म्हणतो याची वाट बघायचे. त्याच्यापुढं आणलेलं तोंड न बघता तो आजवर कधी गेला नव्हता.

"आता जाऊन काय सांगणार तुम्ही?" आईनं विचारलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला आणि परत फिरला.

पोरीनं त्याला येताना बघितलं, आणि ओठ आणखी खाली ओढून धरला.